बॅक गिअर पडेना

पुढे जाईनासा झालेला ट्रॅक्टर निदान मागे घेऊन रस्त्याकडेला लावता येतो. मागे जाईनासा झालेला ट्रॅक्टर मात्र नेमका अडचणीच्या जागी अडकतो. पाठीमागे अर्धी भरलेली ट्रॉली, पुढे बांध, दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि ड्रायव्हर दांडा ओढतोय तर आतून नुसता खर्रर्र आवाज. मग चार माणसं ट्रॉलीची पिन काढतात, कुणाचा तरी दुसरा ट्रॅक्टर साखळी घेऊन येतो आणि अर्धा दिवस जातो.

हे चित्र चिटगुप्प्याकडचं. चिटगुप्पा बीदर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, हुमनाबादच्या शेजारी. पूर्वी हुमनाबाद तालुक्यातलं गाव, आता स्वतःच तालुका. इथून खाली चिंचोळीकडे निघालं की कलबुर्गी जिल्हा लागतो. एकीकडे जांभ्याचं लाल माळरान, दुसरीकडे पावसाळ्यात चाक गिळणारी काळी जमीन. मूग, उडीद, तूर, सोयाबीन, आणि पाणी असेल तिथे ऊस. एकच ट्रॅक्टर जूनमध्ये पेरणी करतो, मधे रोटाव्हेटर ओढतो आणि दिवाळीनंतर भालकी-जनवाडा भागातल्या साखर कारखान्यांकडे ट्रॉल्या नेतो. या तिन्ही कामांत त्याला मागे जावं लागतंच, आणि सगळ्यांत जास्त ऊसवाहतुकीत. फडात ट्रॉली मोळ्यांपाशी लावायची म्हणजे मागेपुढे, मागेपुढे. म्हणून बॅक गिअरची तक्रार घेऊन मिस्त्रीकडे येणाऱ्यांची गर्दी हंगाम अर्ध्यावर आला की वाढते.

या तक्रारीबद्दल पहिली सांगण्यासारखी गोष्ट अशी, की बॅक गिअर बोंब मारतो म्हणून दोष त्याचाच असतो असं नाही. गिअरबॉक्समधला हा सगळ्यांत हळवा भाग. क्लच, तेल, दांडा यांतलं काहीही बिघडलं तरी सगळ्यांत आधी तोच ओरडतो. त्यामुळे ‘बॅक गेला, बॉक्स खोला’ असं म्हणून जो घाई करतो त्याचे पैसे पुष्कळदा भलत्या जागी जातात. खोलण्याआधी दहा-पंधरा मिनिटांच्या साध्या चाचण्या आहेत. त्यांना पाना लागत नाही, कान आणि थोडा धीर लागतो.

आधी आत काय घडतं ते पाहू. दात असलेली दोन चाकं एकमेकांत अडकवली की ती उलटसुलट फिरतात. एक उजवीकडे गेलं की दुसरं डावीकडे. गिअरबॉक्समध्ये इंजिनकडून आलेला एक दांडा, त्याच्या शेजारी समांतर दुसरा दांडा आणि पुढे चाकांकडे जाणारा तिसरा अशी रचना असते. पुढच्या गिअरमध्ये दिशा दोनदा उलटते, म्हणजे मूळ दिशा परत मिळते. मागे जायचं तर मधे आणखी एक चाक घुसवावं लागतं. त्याला आयडलर म्हणतात. ते वेग वाढवत नाही की ताकद वाढवत नाही. त्याचं काम एवढंच, की दिशा आणखी एकदा उलटवायची. हे आयडलर एका छोट्या शाफ्टवर, बुशवर किंवा बेअरिंगवर फिरतं आणि बॅक गिअरमध्ये दोन्ही बाजूंचा सगळा जोर त्याच्या दातांवर येतो.

आता हळवेपणाचं कारण. मोटारीत पुढच्या गिअरना सिंक्रोनायझर असतात. ते दोन चाकांचे वेग आधी जुळवून घेतात आणि मगच दात अडकू देतात. बॅक गिअरला बहुधा ती सोय नसते, कारण गाडी थांबल्यावरच तो टाकायचा असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या कित्येक ट्रॅक्टरांत तर पुढच्यालाही सिंक्रोनायझर नसतो. जुन्या स्लायडिंग मेश प्रकारात चाकच सरकवून दुसऱ्या चाकात घालतात. नंतरच्या पार्शल कॉन्स्टंट मेश प्रकारात पुढची चाकं कायम अडकलेली ठेवतात, पण पहिला आणि बॅक पुष्कळदा जुन्या पद्धतीनेच सरकतात. म्हणजे बॅक टाकताना एक चाक थांबलेलं आणि दुसरं थोडंसं जरी फिरत असलं, तरी दात दातावर आपटणार. ‘थोडंसं जरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बॅक गिअरच्या बऱ्याच तक्रारी तिथेच जन्मतात.

दुसरी जाणून घ्यायची गोष्ट म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचा हिशेब. जाहिरातीत ८ पुढे २ मागे असं लिहिलेलं असतं. महिंद्रा ५७५ किंवा स्वराज ७४४ घ्या. मुख्य दांड्यावर चार पुढचे आणि एक बॅक, आणि शेजारच्या हाय-लो, म्हणजे रेंजच्या दांड्याने त्या पाचांचे दोन संच होतात. मॅसी फर्ग्युसन १०३५ मध्ये मुख्य दांड्यावर तीन आणि एक बॅक, म्हणून ६ पुढे २ मागे. जॉन डीअर ५३१० च्या ९ पुढे ३ मागे या रचनेत मांडणीच उलटी आहे. एका दांड्यावर १, २, ३ आणि दुसऱ्यावर ए, बी, सी आणि आर. म्हणजे बॅक मुख्य दांड्यावर नाही, रेंजच्या दांड्यावर आहे. शटल दांडा असलेल्या नव्या ट्रॅक्टरांत पुढे-मागेचा दांडा वेगळाच असतो आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक गिअर मागेही मिळतो.

हा हिशेब कळला की निम्मं निदान बसल्या जागी होतं. आठ-दोनच्या ट्रॅक्टरमध्ये लो बॅक नीट चालतो आणि हाय बॅक वाजतो किंवा सुटतो, असं असेल तर बॅकची चाकं निर्दोष आहेत. दोन्ही वेळा तीच चाकं वापरली जातात ना! मग हाय पुढच्यांतही तोच त्रास आहे का ते बघायचं. असेल तर दुखणं रेंजच्या भागात. लो आणि हाय दोन्ही बॅक बिघडलेत आणि पुढचे आठही ठणठणीत असतील, तेव्हाच बॅकच्या चाकांवर, ती सरकवणाऱ्या फोर्कवर किंवा आयडलरवर संशय घ्यायचा. नऊ-तीनच्या रचनेत फक्त दुसऱ्यावर बॅक त्रास देत असेल आणि पुढचा दुसराही कुरकुरत असेल, तर बिघाड दुसऱ्या गिअरचा आहे, बॅकचा नाही. चांगला मिस्त्री म्हणून पहिला प्रश्न वेगळाच विचारतो.

“उस्ताद, बॅक पडेना बघा.”

“पुढचा पैला पडतो का, भाऊ? आवाज न करता?”

या एका प्रश्नात बराच उलगडा आहे. पहिलाही वाजत असेल तर दोष दोघांच्या मागे आहे, म्हणजे क्लचमध्ये.

क्लच दाबल्यावर इंजिनचं फिरणं गिअरबॉक्सपर्यंत पोचता कामा नये. क्लच पूर्ण सुटत नसेल तर आतला शाफ्ट हळूहळू का होईना फिरत राहतो. त्याची चाचणी अशी: सपाट जागा, इंजिन मंद, पुढेमागे माणूस नाही. क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग बॅक टाका. आवाज न होता पडला तर क्लच ठीक आहे. शाफ्टला थांबायला वेळ हवा होता, तो तुम्ही देत नव्हता. दहा सेकंद थांबूनही खर्रर्र होत असेल तर क्लच सुटत नाही. दुसरी खूण म्हणजे गिअरमध्ये टाकून क्लच पूर्ण दाबलेला असतानाही ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने सरकू लागतो. तिसरी चाचणी सगळ्यांत सोपी: इंजिन बंद करून बॅक टाकून बघा. बंद इंजिनात अलगद पडतो आणि चालू इंजिनात वाजतो, तर गिअरची चाकं आणि दांडा यांना बहुतेक दोष नाही. फडात अडकलेल्याला एक तात्पुरता उपाय असा, की क्लच दाबून आधी पुढचा गिअर टाकायचा, त्याने शाफ्ट थांबतो, आणि क्लच न सोडता लगेच बॅकला यायचं. पण पुढचाही वाजत असेल तर हा उपाय करू नये. एका चाकाचे दात वाचवायला दुसऱ्याचे द्यावे लागतात.

क्लच का सुटत नाही, याची कारणं अनेक आहेत आणि त्यांतली काही फुकटात दुरुस्त होतात. पेडलला सुरुवातीला जी मोकळी चाल असते, म्हणजे जोर न लागता पेडल जेवढं खाली जातं, ती बहुतेक ट्रॅक्टरांत साधारण इंचभर असते. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेला असतो. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते आणि क्लच घसरू लागतो. मग कुणीतरी पेडलला जोडलेल्या सळईचा नट फिरवून चाल वाढवतो. घसरणं थांबतं, पण नट दोन फेरे जास्त फिरला की पेडल तळाला टेकूनही क्लच पूर्ण उघडत नाही. घसरण्याची तक्रार गेली आणि बॅक वाजण्याची आली, असं ज्याच्या बाबतीत घडलंय त्याने गिअरबॉक्सकडे बघण्याआधी त्या नटाकडे बघावं. पेडलच्या आडव्या शाफ्टला ग्रीस नसणं, सळईच्या टोकाच्या पिना झिजून सैल होणं, पेडलखाली चिखल वाळून घट्ट बसणं, हे सगळं याच जातीतलं. लाल मातीची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून जो लेप तयार होतो तो सुरीने खरवडावा लागतो.

आतली कारणं खर्चिक. क्लचची बोटं, म्हणजे फिंगर, एका उंचीत नसली तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते आणि एका बाजूने घासत राहते. प्लेट तापून वाकली तरी तेच. फ्लायव्हीलच्या मध्यभागी एक छोटं पायलट बेअरिंग असतं. ते जाम झालं तर क्लच पूर्ण सुटूनही इंजिन त्या शाफ्टला ओढत राहतं. लक्षण अगदी क्लच न सुटल्याचं, पण पेडल कितीही सेट केलं तरी फरक पडत नाही. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात एक फसगत होऊ शकते. तिथे पेडल अर्धं दाबलं की चाकांकडची ओढ सुटते आणि पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट. अर्ध्या पेडलला पीटीओ फिरत राहणं ही खराबी नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

इथल्या हंगामाचा यात मोठा वाटा आहे. कारखान्याच्या यार्डात रांग लागते, रात्रभर दोन-दोन हात पुढे सरकायचं असतं आणि ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून बसतो. अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये प्लेट घासत राहते, तापते, आणि क्लचचं बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. न्यूट्रल करून पाय काढून घेण्याची सवय एवढी साधी, तरी ती फार थोड्यांना असते. याच्या उलट दुखणं पावसाळ्यातलं. जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो, क्लच हाउसिंगमध्ये दमटपणा शिरतो आणि प्लेट फ्लायव्हीलला गंजून ओल्या गोणपाटासारखी चिकटते. मग पहिल्या दिवशी क्लच दाबला काय, न दाबला काय, सारखंच. म्हणूनच कित्येक ट्रॅक्टरांना पेडल दाबून अडकवून ठेवायचा हूक दिलेला असतो. लांब मुदतीसाठी ट्रॅक्टर उभा करताना तो लावायचा. हूक नसेल तर लाकडाचा ठोकळा चालतो. ठोकळ्याला पैसे पडत नाहीत, प्लेट सोडवायला पडतात.

क्लच ठीक निघाला, बंद इंजिनातही बॅक पडत नाही, तर पुढचा संशयित दांडा. एकदा न पडला म्हणून लगेच घाबरू नये. दातासमोर नेमका दात आला असेल तर चाक सरकत नाही. क्लच किंचित सोडून परत दाबला किंवा ट्रॅक्टर दोन बोटं हलवला की पडतो. त्यानेही न पडल्यास दांड्याचं खालचं टोक बघावं लागतं. दांडा वरच्या कव्हरमध्ये एका गोळ्यावर डोलतो आणि त्याचं खालचं टोक फोर्कच्या खाचेत बसतं. वर्षानुवर्षं ओढून ते टोक आणि ती खाच दोन्ही झिजतात. दांडा वर हातभर फिरतो, खाली फोर्क बोटभरही सरकत नाही. बॅकची जागा बहुधा एका टोकाला असल्यामुळे ही कमतरता तिथे आधी जाणवते.

झीज आणखी वाढली की टोक एका खाचेतून निसटून दुसरीत जातं आणि पहिला गिअर तसाच राहून दुसरा पडतो. दोन गिअर एकदम! मग ट्रॅक्टर पुढेही जात नाही, मागेही नाही. क्लच सोडला की इंजिन बंद पडतं. असं होऊ नये म्हणून आत इंटरलॉकची योजना असते, पण तीही झिजते. इथे दांड्याला पाइप लावून जोर करणारे लोक आहेत आणि मोडलेले फोर्क हे त्यांच्या जोराचं फळ. वरचं कव्हर काढून फोर्क हाताने न्यूट्रलला आणणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. कव्हर काढण्याआधी मात्र ट्रॅक्टरचा तो भाग धुऊन कोरडा करायलाच हवा. जांभ्याचे खडे गिअरबॉक्समध्ये पडले तर एका तक्रारीच्या तीन होतात.

गिअर पडतो पण टिकत नाही, हे वेगळं दुखणं. प्रत्येक फोर्कच्या शाफ्टवर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली एक गोळी त्या खाचेत बसून गिअर धरून ठेवते. स्प्रिंग मऊ पडली, मोडली किंवा खाच गुळगुळीत झाली तर खड्ड्यातल्या साध्या हादऱ्यानेही गिअर सुटतो. हे काम स्वस्तातलं. पण हादऱ्याने न सुटता केवळ जोर लागला की सुटत असेल, म्हणजे भरलेली ट्रॉली मागे ढकलतानाच, तर दात तिरके झिजलेत किंवा बेअरिंग सैल होऊन शाफ्ट मागेपुढे हलतोय. तिरक्या दातांवर जोर आला की ते एकमेकांना बाहेर ढकलतात. मग ड्रायव्हर एका हाताने दांडा दाबून धरतो. ट्रॅक्टर चालतो, काम निभतं, पण त्या हाताचा जोर थेट फोर्कवर आणि फोर्कचा फिरत्या चाकाच्या खोबणीवर येतो. महिनाभराने फोर्कही गेलेला असतो.

दातांची ही अवस्था होते कशाने? वयाने फारशी नाही, घाईने जास्त. पुढे जाणारा ट्रॅक्टर पूर्ण थांबायच्या आत बॅक टाकणं, हे एकच कारण बाकी सगळ्यांना पुरून उरेल. भरलेल्या ट्रॉलीचा रेटा मागे असताना तर फारच. काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर झुलवून काढताना पुढे-मागे, पुढे-मागे जी घिसाडघाई चालते तिच्यात दातांची टोकं तुटतात. पुढे लोडर बसवलेल्या ट्रॅक्टरांचंही हेच. ज्यांना दिवसभर तेच काम आहे त्यांनी सिंक्रो शटलचा ट्रॅक्टर घ्यावा, नुसत्या आठ-दोनवर ते काम लादू नये, असं माझं मत.

आवाजांकडे आता थोडं लक्ष देऊ. सरळ दातांची चाकं फिरताना हुंऽऽ असा सूर काढतातच. तो नेहमीचाच असेल तर काळजी नको. तोच सूर अलीकडे चढला असेल आणि फक्त बॅकमध्ये येत असेल, तर आयडलरचं बुश किंवा बेअरिंग झिजलंय. ठराविक अंतराने टक्, टक् येत असेल आणि वेगाबरोबर तो ताल बदलत असेल, तर एखादा दात तुटलाय. हा आवाज घेऊन ट्रॅक्टर गावापर्यंतसुद्धा चालवू नये. तुटका तुकडा दुसऱ्या चाकांमध्ये गेला तर हाउसिंगला तडा जाऊ शकतो.

गिअर ऑइलची गोष्ट चिटगुप्प्यासारख्या ठिकाणी खास वेगळी आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागच्या लिफ्टचं हायड्रॉलिक या तिघांचं तेल एकच असतं. हायड्रॉलिक ट्रॉली जोडली की तिचा जॅक त्याच तेलावर उचलला जातो. ट्रॉली वर असताना गिअरबॉक्समधली पातळी तेवढ्यापुरती खाली जाते. आयडलर किंवा वरचा शाफ्ट तेलाबाहेर राहतो. त्यात पातळी मुळातच कमी असेल तर बघायलाच नको. आणखी म्हणजे ट्रॉल्या या गावातून त्या गावात फिरतात. आज एका ट्रॅक्टरला, उद्या दुसऱ्याला. जॅकमध्ये उरलेलं जुनं, मातीमिश्रित तेल नव्या ट्रॅक्टरच्या पोटात जातं. तेल नुकतंच बदललं आणि महिन्यात काळं पडलं, अशी तक्रार करणाऱ्याने ट्रॉली कुणाची होती हे आठवावं. तेलही जे पुस्तकात सांगितलंय तेच. काहींना एसएई ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, आणि तेलातले ब्रेक असलेल्यांना त्यांच्यासाठीचं खास ट्रान्समिशन ऑइल. दुसरं ओतलं तर ब्रेक किंचाळतात.

तेल सपाट जागी, ट्रॉली खाली उतरवून, इंजिन बंद करून बघावं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते बहुधा दांड्याच्या बुडाशी असलेल्या फाटक्या रबरातून येतं. हे रबर फाटलेलं असतं आणि ट्रॅक्टर उघड्यावर भिजत असतो. पाऊस दांड्याला धरून थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी लेप दिसणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चमकणारे तुकडे दिसले तर मात्र आत काहीतरी तुटायला लागलंय. हवा जाण्याचं छोटं छिद्र, ब्रीदर, मातीने बुजलेलं असेल तर आत दाब वाढून सील गळतं आणि तेच तेल पुढे क्लचवर जातं. बॅकच्या तक्रारीचं मूळ अशा एका बुजलेल्या छिद्रात सापडू शकतं.

तीनचाकी रिक्षाचं दुखणं याच्या मानाने फार सोपं. जुन्या बजाज रिक्षात मागे जाण्याचा दांडा वेगळा असतो. तो ओढला की दिशा उलटते आणि गिअर हँडलवरचे नेहमीचेच राहतात. म्हणून ती मागेही भलत्या वेगाने जाऊ शकते. सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेत रिक्षा उलट्या पळवण्याची स्पर्धाच लागते. जानेवारी २०२३ मधल्या तिथल्या शर्यतीची बातमी देशभर गेली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या जत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेण्याच्याही स्पर्धा होतात. रिक्षा मागे जाईना तर आधी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल बघायची. ती ताणली किंवा गंजली की दांडा पूर्ण ओढूनही आतला भाग पुरता सरकत नाही.

गिअरच न बदलता मागे जाणारी यंत्रंही जगात आहेत. काश्मीरला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी गुलमर्गला बर्फावरच्या स्नोमोबाइलवर फेरी मारलेली असते. १९५९ साली कॅनडाच्या क्युबेकमध्ये जोसेफ-आर्मां बोंबार्दिएने स्की-डू हे हलकं यंत्र बाजारात आणलं. सुरुवातीच्या स्नोमोबाइल मागे जातच नसत. त्यांना हाताने उचलून वळवावं लागे. पुढे काहींत गिअरचा बॅक आला, आणि टू-स्ट्रोक इंजिनांसाठी एक नामी युक्ती निघाली. अशा टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारख्या कॅमने उघडणाऱ्या झडपा नसतात, त्यामुळे ते कुठल्याही दिशेने फिरू शकतं. बटण दाबलं की इलेक्ट्रॉनिक्स ठिणगी तोडतं, इंजिन बंद पडायच्या बेतात येतं, आणि अगदी त्या क्षणी अशा वेळी ठिणगी देतं की पिस्टन उलटा ढकलला जातो. इंजिन उलटं फिरू लागतं आणि पट्टा मागे जातो. अशा यंत्रात बॅक लागेना तर गिअर शोधण्यात अर्थ नाही. इंजिन मंद असताना नको इतकं वेगात फिरतंय का, गाडी पूर्ण थांबली होती का, बटण आणि त्याची वायर धड आहे का, हे बघतात. १९५५ पासून जर्मनीत निघालेली मेसरश्मिट केआर२०० ही तीनचाकी याच तत्त्वावर इंजिन उलटं सुरू करत असे आणि तिला मागे जायला चार गिअर मिळत.

आपलं डिझेल इंजिन फोर-स्ट्रोक असतं आणि उलटं फिरण्यासाठी बनवलेलं नसतं. तरीही जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांत एक विचित्र प्रकार क्वचित घडतो. चढावर पुढच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरून बंद पडतं, ट्रॅक्टर गिअरमध्येच मागे घसरतो, आणि त्या झटक्याने इंजिन उलट्या दिशेने सुरू होतं. धूर सायलेन्सरऐवजी एअर क्लीनरमधून येतो, पुढचा गिअर टाकला तर ट्रॅक्टर मागे जातो आणि बॅक टाकला तर पुढे. ज्याने हे पाहिलं नसेल त्याला भुताटकी वाटावी. लगेच स्टॉप ओढून इंजिन बंद करायचं, कारण ऑइल पंपही उलटा फिरतोय आणि बेअरिंगला तेल मिळत नाहीये. गिअरबॉक्स खोलायचा तर प्रश्नच नाही.

चाचणी करताना मागे माणूस नको, हे कितीही वेळा सांगितलं तरी थोडंच. ट्रॉलीची पिन लावायला कुणीतरी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभा असतो, आणि न पडणारा गिअर नेमका तेव्हा पडतो. क्लच नीट सुटत नसलेला ट्रॅक्टर तर पिन लावताना इंजिन बंद करूनच उभा करायला हवा. रोटाव्हेटर उचलून, पीटीओ बंद करूनच मागे यायचं. चढावर तपासणी करायची वेळ आलीच तर नुसत्या हँडब्रेकवर भरवसा न ठेवता चाकांना दगड लावायचे.

एवढं सगळं करून दोष आतच आहे असं ठरलं, तर ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. ट्रकला असते तशी चासी ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तेच त्याचं अंग. क्लचपर्यंत पोचायचं तर इंजिन आणि मागचा भाग वेगळे करायचे. त्याआधी पुढच्या एक्सलमध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, नाहीतर सुटलेलं इंजिन एका कुशीवर कलंडतं. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड किंवा जाड ओंडके हवेत. एकदा सोडवलाच आहे तर पायलट बेअरिंग, क्लचचं बेअरिंग आणि तेलाचं सील जुनंच ठेवण्यात शहाणपणा नाही. किंमत किरकोळ असते, आणि परत सोडवण्याची मजुरी त्याच्या कितीतरी पट. चाक बदलायचं तर जोडीने बदलायचं. झिजलेल्या चाकाशी नवं चाक घातलं तर नव्याचे दातही लवकरच जुन्याच्या वळणावर जातात.

हे काम शिकायची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या शेतीयंत्र प्रशिक्षण संस्था आहेत. मध्य प्रदेशात बुदनीला सगळ्यांत जुनी, आणि दक्षिणेसाठी अनंतपूर जिल्ह्यातल्या गार्लदिन्नेला एक. बुदनीला ट्रॅक्टरांच्या चाचण्याही होतात आणि त्यांच्या अहवालांत प्रत्येक गिअरमधला वेग नोंदलेला असतो. आपला ट्रॅक्टर लो बॅकमध्ये किती वेगाने जायला हवा, हे तिथून कळतं.

बॉक्स बंद करताना नवं तेल भरलं की काम संपलं असं मानू नये. नवी चाकं पहिल्या काही दिवसांत एकमेकांत बसतात आणि तेवढ्यात बारीक पूड सोडतात. साधारण पन्नास तासांनी तेल पुन्हा काढावं, चुंबक पुसावा, पूड बोटांत चोळून बघावी, आणि क्लचची मोकळी चाल त्याच दिवशी परत मोजावी, कारण नवी प्लेट बसली की तीही बदललेली असते.